शेजारच्या व्हॅनवरचं जंगल

चारुदत्त: बघितलंस? एका दमात आत. पुढे-मागे नाही, करकर नाही, कुणी हात दाखवायला नको. न्यूझीलंडला, साउथ आयलंडच्या घाटांना निरोप धाड, म्हणावं चारुदत्त येतोय आणि स्वतः चालवत येतोय.

मीनल: धाडते. आधी मला सांग, उतरायचं कुठून?

चारुदत्त: दारातून.

मीनल: माझ्या दाराला भिंत आहे. हे बघ. दोन बोटं उघडतं. माझी ओढणी जाईल बाहेर, मी नाही.

चारुदत्त: बरं, मग माझ्या बाजूनं उतर. मी आधी... हं.

मीनल: काय हं?

चारुदत्त: इकडे व्हॅन आहे.

अवनी: मागे पण वॉल आहे, बाबा. डिकी उघडणार नाही. आय टोल्ड यू, कॉर्नरमध्ये घालू नको लाह.

चारुदत्त: अवनी, मागच्या सीटवरून चालवणाऱ्याला सूचना देऊ नयेत. व्हॅनवाल्यानं रेष ओलांडलीय. नियमानं चूक त्याची.

मीनल: नियमानं. चारू, पार्किंगचा अख्खा मजला मोकळा आहे. रविवार सकाळ, पासिर रिसची सगळी वस्ती गाड्या काढून नाश्त्याला गेलीय. एवढ्या रिकाम्या जागा सोडून तुला हाच कोपरा आणि हीच व्हॅन बरी सापडली.

चारुदत्त: व्हॅनवर काय काढलंय ते बघ तरी.

मीनल: झाडं.

चारुदत्त: नुसती झाडं नाहीत, पानगळ आहे. वॉलपेपरवाल्याची व्हॅन आहे ही. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल, केशरी, पिवळं जंगल. म्हटलं शेजारी गाडी लावू, तिघांचा फोटो काढू आणि ट्रिपच्या ग्रुपवर टाकू. तालीम सुरू म्हणून. प्रबोध जळला पाहिजे.

मीनल: प्रबोध आणि सुलेखा आपल्याच गाडीतून येणार आहेत तिकडे. त्यांना जाळून काय मिळणार?

चारुदत्त: गणपतीत तो मंडळाच्या सगळ्या लोकांसमोर काय म्हणाला? म्हणे, चारू, न्यूझीलंडमध्ये गाडीबरोबर ड्रायव्हरपण भाड्यानं मिळतो का बघ. सेक्रेटरी हसले. आरतीचं तबक घेतलेल्या काकू तबक खाली ठेवून हसल्या.

मीनल: कारण इतक्या वर्षांत तुला कुणी गाडी चालवताना बघितलेलं नाही. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसून जुरोंग आयलंडला रिफायनरीत जातोस, संध्याकाळी त्याच बसमध्ये झोपून परत येतोस.

चारुदत्त: लायसन्स आहे माझ्याकडे.

मीनल: लायब्ररीचं कार्डही आहे.

चारुदत्त: म्हणून तर एका दिवसापुरती ही गाडी भाड्यानं घेतली ना? आधी सराव, मग डोंगर. चला, जराशी पुढे घेतो, तुम्ही उतरा. थांब. आरसा.

मीनल: आता आरशाला काय झालं?

चारुदत्त: माझ्याकडचा आरसा व्हॅनला टेकलाय. अशीच पुढे घेतली तर जंगलाला आडवा ओरखडा जाईल. आरसा हातानं आत दुमडावा लागेल. काच अर्धी खाली घेतो. पुरे. आता इंजिन बंद.

मीनल: बंद कशाला?

चारुदत्त: हात बाहेर घालायचाय. आमच्या प्लांटवर पक्का नियम आहे. चालत्या यंत्राजवळ हात न्यायचा तर आधी यंत्र बंद करायचं, आणि किल्ली ज्याचा हात त्याच्याच हातात ठेवायची. म्हणजे दुसरा कुणी चुकून सुरू करत नाही.

मीनल: हा आरसा आहे, चारू. रिफायनरी नाही.

चारुदत्त: असं म्हणणाऱ्यांचेच अपघात होतात. ही काढली किल्ली. हातात घेतली. सुटी किल्ली हरवते म्हणून सकाळीच माझ्या जुडग्यात ओवलीय. बघा, आता इंजिन कुणीही सुरू करू शकत नाही.

अवनी: हू विल स्टार्ट? आपण सगळे आतच आहोत.

चारुदत्त: घट्ट आहे जरा. असा दाबला... की... हा. दुमडला.

मीनल: काय वाजलं?

चारुदत्त: आरसा.

मीनल: त्याच्यानंतर. खळ्ळकन.

चारुदत्त: दुमडताना वाजतो तो.

मीनल: चारू, जुडगा कुठाय?

चारुदत्त: दिसतोय. हरवलेला नाही. व्हॅनच्या सरकत्या दाराखाली पाय ठेवायची पट्टी आहे, तिच्यावर पडलाय. एकदम सुरक्षित.

मीनल: मग उचल.

चारुदत्त: उचलतोय. पोचत नाही हात. वीतभर कमी पडतोय.

अवनी: सेल्फी स्टिक देऊ? ट्रिपची.

चारुदत्त: शाबास. दे. बघितलंस मीनल, प्रत्येक वस्तूचा उपयोग असतो. तू म्हणत होतीस, कशाला घेतलीस. लागली... हलतोय... येतोय...

मीनल: आला?

चारुदत्त: आत गेला. पट्टीच्या आणि दाराच्या मधल्या खाचेत. आता खाली पडायची भीती नाही.

मीनल: वर यायचीही नाही.

अवनी: मी खिडकीतून टपावर चढते, देन बॉनेट, देन खाली. दोन मिनिटं. मला जमेल, आय कॅन वन.

चारुदत्त: मुळीच नाही. ते उंचीवरचं काम झालं. त्याला पट्टा लागतो, हेल्मेट लागतं, आणि खाली लक्ष ठेवायला एक माणूस लागतो.

अवनी: खाली माणूस लागतो, तर आधी कुणीतरी बाहेर पाहिजे ना?

चारुदत्त: बरोबर. म्हणूनच नको.

मीनल: माझी काच तरी खाली कर. घुसमटायला होतंय.

अवनी: किल्ली नाही तर काच नाही, आई.

मीनल: एसी?

अवनी: सेम.

मीनल: गाडीवाल्या कंपनीला फोन लाव.

चारुदत्त: लावला. बाई सांगतेय की आमच्या दृष्टीनं तुमचा फोन महत्त्वाचा आहे. मग बासरी लागते. मग परत बाई.

मीनल: मग प्रबोधला लाव. समोरच्या ब्लॉकमध्ये राहतो. चपला घालून दहा मिनिटांत येईल, खाचेतून किल्ली काढून देईल.

चारुदत्त: प्रबोधला नाही.

मीनल: चारू.

चारुदत्त: तो येईल. किल्ली काढेल. आणि मग पुढच्या गणपतीपर्यंत काढत राहील. व्हॅनवाला येईलच की. रविवारी कुणी दिवसभर पार्किंगचे पैसे भरत नाही. तोवर वेळ वाया घालवायचा नाही. प्लॅनवरून एकदा हात फिरवू. माझ्या फोनवर आहे. रिव्हिजन चार.

मीनल: घामानं निथळतेय मी, आणि तू रिव्हिजन काढ.

चारुदत्त: पहिला दिवस, क्राइस्टचर्च ते तलाव. धोके: झोप, एकेरी पूल, रस्त्यात मेंढ्या. मेंढ्या आल्या तर हॉर्न वाजवायचा नाही, थांबायचं. दुसरा दिवस, घाट. धोके: वारा, खडी, प्रबोधची गाणी. तिसरा दिवस...

मीनल: तिसरा वाच. नीट वाच.

चारुदत्त: तिसरा दिवस, ॲरोटाउन. छोटं गाव, नदीकाठी झाडांची रांग. सगळ्या वेबसाइटवर एक नंबरला. सकाळी पोचायचं, झाडांखालून चालायचं. इथे मी एक रिकामी ओळ सोडलीय.

मीनल: रिकामी कशाला?

चारुदत्त: तुझ्यासाठी. तुला हवा तितका वेळ. त्या ओळीत धोके लिहिलेले नाहीत.

मीनल: बरं.

चारुदत्त: दर वर्षी ऑक्टोबर आला की तुझी बहीण वसुधा न्यू जर्सीहून फोटो टाकते. दारात लाल झाड, अंगणात पानांचा ढीग, ढिगात तिची पोरगी लोळतेय. आणि तू दोन बोटांनी तो फोटो मोठा करत बसतेस. पोरीला नाही, पानांना. बघितलंय मी.

मीनल: मग काय करू? इथे आल्यापासून एकच दिवस चालू आहे असं वाटतं मला. उठलं की ऊन, चार वाजता पाऊस, परत ऊन. कपाटात एकच ढीग, सुती. हार्बरफ्रंटला ऑफिसच्या खिडकीत बसून मी बोटींची कागदपत्रं करते. ही शांघायला, ती रॉटरडॅमला. सगळं जग तिथून सुटतं, मी सोडून. मला एकदा थंडीत उभं राहून एक झाड पानं टाकताना बघायचंय. बस. एवढंच मागितलं होतं.

चारुदत्त: आणि मी ते करतोय की नाही? अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात, ते आपल्याला जमणार नाही. न्यूझीलंडला डावीकडून. शिवाय तिकिटं इतकी स्वस्त मिळाली की माझा विश्वास बसेना. ऑक्टोबरात लोक तिकडे कमी जातात म्हणे. आता पानगळीच्या ऐन भरात लोक का जात नाहीत, देव जाणे.

अवनी: आई.

मीनल: काय गं?

अवनी: ॲरोटाउनचे फोटो बघतेय. लास्ट इयर ऑक्टोबरचे. व्हाय ऑल पिंक?

मीनल: गुलाबी? दाखव.

अवनी: हे बघ. पिंक फ्लॉवर्स. आणि हे लॅम्ब्स. बेबी लॅम्ब्स, सो क्यूट. आणि झाडं सगळी ग्रीन. लाइक, न्यू ग्रीन.

मीनल: चारू, ही तर पालवी आहे.

चारुदत्त: फिल्टर असेल. हल्ली लोक काहीही रंग लावतात.

अवनी: बाबा, न्यूझीलंड इज सदर्न हेमिस्फिअर.

चारुदत्त: मग?

अवनी: मग तिकडे उलटं असतं. ख्रिसमसला ते लोक बीचवर जातात. ऑक्टोबर इज स्प्रिंग. ऑटम इज एप्रिल लाह. वी डिड धिस इन प्रायमरी स्कूल.

चारुदत्त: ऑक्टोबर म्हणजे ऑक्टोबर. जगात सगळीकडे...

अवनी: नॉट एव्हरीव्हेअर.

(अर्ध्या उघड्या खिडकीतून व्हॅनवरचं लाल जंगल गाडीत डोकावत राहतं. मीनलला पहिल्यांदाच ते इतक्या जवळून दिसतं, आणि दिसतं की झाडाखाली एका कोपऱ्यात कंपनीचा फोन नंबर आहे आणि शेजारी लिहिलंय की भिंतीवर लावून मिळेल.)

मीनल: मेंढ्या शोधल्यास तू. एकेरी पूल शोधलेस. वाऱ्याचा वेग लिहिलास. रिव्हिजन चार केलीस. त्या चारांपैकी एकातही तुला विचारावंसं वाटलं नाही की पानं कधी गळतात?

चारुदत्त: ते गृहीत होतं.

मीनल: गृहीत.

चारुदत्त: वसुधाचे फोटो दर ऑक्टोबरात येतात. मी त्याच्यावरून चाललो. इथे राहून ऋतूंचा अंदाज जातो माणसाचा, मीनल. बारा महिने एकच हवा, कशावरून कळणार?

मीनल: म्हणजे मी इथून आठ हजार किलोमीटर जाऊन पालवी बघणार. फुलं बघणार. कोकरं बघणार.

चारुदत्त: कोकरंही छान असतात.

मीनल: रद्द कर.

चारुदत्त: तिकिटं परत होत नाहीत. म्हणून तर स्वस्त होती.

मीनल: मग एप्रिलला ने.

अवनी: एप्रिलला माझी शाळा आहे. ऑक्टोबरला एक्झाम ओव्हर, म्हणून टीचरनी चालेल म्हटलं. एप्रिल कॅनॉट.

चारुदत्त: एप्रिलला माझं शटडाउन आहे. अख्खा प्लांट बंद करून धुवायचा असतो. आणि मुख्य म्हणजे मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमपत्रिकेत छापून गेलंय. चारुदत्त यांचा स्लाइड शो, पानगळीच्या देशा. फराळाच्या आधी, अर्धा तास.

मीनल: तू नावही देऊन बसलास?

चारुदत्त: सेक्रेटरींना आवडलं. असं करू. फोटो काढू सगळे, आणि मग अवनी कॉम्प्युटरवर हिरव्याचं तांबडं करेल. कुणाला कळणार आहे?

अवनी: लॅम्ब्स पण रेड होतील.

चारुदत्त: कोकरं वगळायची.

मीनल: आणि मी काय करायचं? मी तांबड्या केलेल्या फोटोत उभं राहायचं, आणि वसुधाला सांगायचं की बघ, मीही पाहिली?

चारुदत्त: मी फक्त मार्ग सुचवतोय.

मीनल: मार्ग? भिंत, भिंत, व्हॅन. आणि पुढचा रस्ता मोकळा आहे तर किल्ली नाही. हे तुझे मार्ग.

चारुदत्त: मीनल, मी मुद्दाम केलं का?

मीनल: नाही केलंस. मुद्दाम केलं असतंस तर भांडता तरी आलं असतं. तू माझ्यासाठीच केलंस, आणि मनापासून केलंस. म्हणूनच जास्त गरम होतंय मला.

अवनी: पाणी पी, आई.

मीनल: दे. चारू, माझ्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे.

चारुदत्त: असेल. वसुधाच्या पोरीच्या जन्माच्या वेळी गेली होतीस तेव्हाचा.

मीनल: दहा वर्षांचा दिला होता त्यांनी. अजून चालतो.

चारुदत्त: चालू दे की. कुणी नाही म्हटलं?

मीनल: मी ऑक्टोबरात न्यू जर्सीला जाते.

चारुदत्त: कोण कोण?

मीनल: मी.

चारुदत्त: एकटी? आणि तिकडे चालवणार कोण? मी सांगितलं ना, उजवीकडून...

मीनल: वसुधा चालवेल. ती रोज चालवते. तिच्या गाडीची दारं उघडतात.

चारुदत्त: आणि आमचं काय? प्रबोध, सुलेखा, मी, अवनी?

मीनल: तुम्ही कोकरं बघा. तिसऱ्या दिवशीची रिकामी ओळ आहे ना, तिथे बसा हवा तितका वेळ. ऑफिसात रजा आधीच मंजूर आहे. फक्त विमान बदलायचं.

चारुदत्त: असं घामाघूम होऊन निर्णय घेऊ नयेत. घरी जाऊ, चहा घेऊ, तुलना करू. दोन्ही बाजूंचे फायदे-तोटे...

मीनल: वसुधाला आत्ताच कळवते. फोन दे गं माझा, अवनी.

अवनी: आई, मी तुझा फोन वापरला थोडासा.

मीनल: कशाला?

अवनी: फोटो काढला. आपला. यू, बाबा, वॉल, व्हॅन. ग्रुपवर टाकला. बाबाच म्हणाले ना, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा.

चारुदत्त: कुठल्या ग्रुपवर?

अवनी: ट्रिपवाला. प्रबोधकाका इज टायपिंग.

चारुदत्त: डिलीट कर. आत्ता. सगळ्यांसाठी डिलीट.

अवनी: टू लेट. सुलेखामावशीनं मंडळाच्या ग्रुपवर फॉरवर्ड केलाय. सेक्रेटरी अंकलनी सहा लाफिंग फेस टाकलेत.

मीनल: तुझा फोन वाजतोय, चारू. प्रबोध.

चारुदत्त: नाही घेणार.

मीनल: घे. इथे मी आता अजून पाच मिनिटं बसले तर मला न्यू जर्सीला पार्सलनं पाठवावं लागेल. घे आणि खरं सांग. सगळं. किल्लीपासून ऑक्टोबरपर्यंत.

चारुदत्त: हॅलो. बोल, प्रबोध. हसून घे आधी. हो. हो, कोपऱ्यात. नाही, आरसा दुमडायला काढली होती. ते नियमानं होतं. ऐक, दुसरी एक गोष्ट सांगायचीय. ट्रिपची. नाही, ड्रायव्हर नकोय. पानांचं आहे जरा. तुझ्याकडे पृथ्वीगोल आहे का घरी?

अवनी: आई, कुणीतरी येतंय. व्हॅनवाला. ही हॅज द कीज.

मीनल: चारू, तो आला. फोन ठेव.

चारुदत्त: एक मिनिट मीनल, मी अवघड भागात आहे. नाही रे प्रबोध, तुला नाही. तर, विषुववृत्ताच्या खाली गेलं की...

अवनी: अंकल! अंकल, युअर व्हॅन! त्याच्या कानात इअरफोन आहेत.

मीनल: पलीकडच्या बाजूनं चढतोय तो. चारू, तुझीच खिडकी उघडी आहे. हाक मार त्याला.

चारुदत्त: एक्स्क्यूज मी! हॅलो! सर! माय की! ऑन युअर स्टेप!

मीनल: बघतोय का?

अवनी: हात हलवतोय. त्याला वाटलं आपण थँक यू म्हणतोय.

मीनल: तूही का हात हलवतोस, चारू?

चारुदत्त: चुकून हलला.

अवनी: गोइंग. गोइंग. राइट टर्न. गॉन.

मीनल: केवढा उजेड आला बाई. दार उघडून बघ.

चारुदत्त: उघडलं. पूर्ण उघडलं.

मीनल: सरक मग. उतरू दे मला. वारा आहे गं इथे, अवनी. ये.

अवनी: बाबा, प्रबोधकाका अजून लाइनवर आहेत.

चारुदत्त: हं, प्रबोध. हो, सुटलो. सगळे सुखरूप. गाडी आहे जागेवरच, तिला काही झालं नाही. न्यूझीलंडला आपण चौघंच, मीनल वसुधाकडे जातेय पानं बघायला. किल्ली व्हॅनबरोबर एक्सप्रेसवेला लागली. सुलेखाला जरा विचार, आम्ही तिघं जेवायला आलो तर चालेल का. घराची किल्लीही त्याच जुडग्यात आहे.